पांढऱ्याची एकतिसावी आणि बत्तिसावी चाल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आजचे प्रमुख पाहुणे, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, मंडळाचे चिटणीसकाका, जिच्यासाठी आपण सगळे कामं टाकून आलो ती सत्कारमूर्ती, समोर बसलेले आजी-माजी बुद्धिबळपटू, त्यांना स्पर्धेला आणून दिवसभर बाहेरच्या बाकावर ताटकळणारे पालक, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्ती माझी आई आहे हे निवेदकांनी सांगितलंच. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाबद्दल बोलायचं म्हणजे अवघड काम. जास्त कौतुक केलं तर लोक म्हणणार, लेकच ती, बोलणारच. कमी केलं तर म्हणणार, घरात काही बिनसलंय वाटतं. चिटणीसकाकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी चार पानी भाषण लिहून आणलं होतं. चांगलं होतं, सुविचार वगैरे होते त्यात. ते पर्समध्येच राहू दे. परवा दुपारपासून मी जागेवर नाही. वेळ थोडी पुढे-मागे झाली तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या आधी तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही एकच गोष्ट सांगितली. पंचबाईंनी स्वतःच्या मुलीला कसं हरवलं, ती गोष्ट. अध्यक्षांच्या गोष्टीत मी त्या दिवशी ढसाढसा रडले. चिटणीसकाकांच्या गोष्टीत मी हसतमुखाने हात मिळवला. डॉक्टर तर म्हणाले, "मी निमित्तमात्र." डॉक्टर, निमित्तमात्र नव्हतात हो, समोर बसला होतात तुम्ही! आणि मी रडलेही नाही, हसलेही नाही. मी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले होते, पाऊण तास.

ही गोष्ट गेली एकोणीस वर्षं प्रत्येक बक्षीस समारंभात सांगितली जाते. नव्या पंचांच्या शिबिरात सांगितली जाते. निःपक्षपातीपणा म्हणजे काय, तर हा. मला ती तोंडपाठ आहे. आज मी ती चौथ्यांदा सांगणार आहे. कंटाळू नका, माझ्याकडे तिचा थोडा जास्तीचा भाग आहे.

पण आधी जिचा सत्कार आहे तिच्याबद्दल चार शब्द बोलायलाच हवेत, आणि ते मनापासून बोलते. आई पंच झाली तेव्हा या मंडळात बाई फक्त पाणी द्यायला येत असे. पहिल्या स्पर्धेत एका खेळाडूने तिला विचारलं, "पंच कुठे आहेत?" ती म्हणाली, "तुमचं घड्याळ चालू आहे. ते मला शोधण्यात घालवू नका." एका पालकांनी आरडाओरडा केला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आवाज बाहेर ठेवून या, मग आत या." तीस वर्षांत हजारो डाव तिच्या नजरेखालून गेले, आणि तिच्या एकाही निकालाविरुद्ध कोणी वर दाद मागितली नाही. पायात रबरी तळव्याचे बूट. ती मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. कळायचं ते समोरचा एकदम ताठ बसला की.

घरात तिला सगळं दिसायचं. माझा एक मोजा कुठे आहे, वहीत किती पानं कोरी आहेत, दूध कोणी न झाकता ठेवलं. हॉलमध्ये आली की मात्र ती माझी आई नसायची. तिथे मी "पांढरा" नाहीतर "काळा". दहा वर्षांची असताना एकदा डाव चालू असताना मी विसरून मोठ्याने "आई!" अशी हाक मारली. तर तिने मागे वळून पाहिलं, की बाई, कोणाची आई आली आहे? तुम्ही हसताय, पण घरी आल्यावर मला तिने समजावलं होतं. म्हणाली, "तिथे मी तुझी झाले, तर बाकीच्यांची कोण?" मला ते पटलं होतं. तिला तिथे मी "तुम्ही" म्हणायची. माझ्या पटावर तर ती फिरकायचीसुद्धा नाही. माझा डाव नेहमी सहायक पंच पाहायचे, ते बँकेतले काका. ही व्यवस्था तिनेच घालून दिली होती आणि ती चोख होती.

त्या दिवशी बँकेतले काका तापाने अंथरुणाला खिळलेले होते. सगळं तिथून सुरू होतं.

शेवटची फेरी, हाच हॉल. तो खांब दिसतोय ना, त्याच्याजवळ पहिला पट. मी सतरा वर्षांची. समोर आपले डॉक्टर, तेव्हा दातांच्या कॉलेजात शिकत होते, डोक्यावर भरपूर केस होते. दोघांचे गुण सारखे. जो जिंकेल त्याला करंडक आणि मोठ्या स्पर्धेच्या संघात जागा. मला त्या संघात जायचं होतं. दुसरं काही नको होतं मला आयुष्यात, हे मी आज छत्तिसाव्या वर्षीही छातीवर हात ठेवून सांगते.

खेळाडू नसलेल्या मंडळींसाठी थोडं सांगते. तेव्हा घड्याळं काट्यांची असायची, एका लाकडी खोक्यात दोन. आपली चाल केली की आपलं बटण दाबायचं, मग समोरच्याचं घड्याळ चालू. पहिल्या चाळीस चालींना प्रत्येकी दोन तास. काटा बारावर आला की एक छोटा लाल झेंडा पडतो. चाळीस चाली व्हायच्या आत तुमचा झेंडा पडला, की तुम्ही हरलात, मग पटावर तुमचे दोन वजीर का असेनात. चाळीस झाल्यावर पडला तर काही बिघडत नाही, पुढचा तास मिळतो. आता चाली किती झाल्या हे कोण सांगणार? पंच सांगत नाही, नियमच आहे तसा. प्रत्येक खेळाडूने आपापल्या कागदावर दोघांच्याही चाली लिहायच्या असतात. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की लिहिण्याची सक्ती नसते, मागाहून भरल्या तरी चालतं.

तर तीस चाली झाल्या तेव्हा माझ्याकडे सहा मिनिटं होती आणि डॉक्टरांकडे चार. दहा चाली बाकी. दोघांचीही पाचावर धारण बसलेली. अशा वेळी सगळे खेळाडू एक युक्ती करतात. एखादी सोंगटी एक घर पुढे न्यायची आणि परत आणायची. पट होता तसाच राहतो, काही बिघडत नाही, आणि दोन चाली फुकटात पदरात पडतात. मी हत्ती एक घर पुढे सरकवला. डॉक्टरांनाही तेच हवं होतं, त्यांनी राजा एक घर बाजूला घेतला. मी हत्ती परत आणला, त्यांनी राजा परत आणला. एकतिसावी आणि बत्तिसावी चाल. मी दोन्ही लिहिल्या. शेवटची मिनिटं होती तरी मी लिहीत होते, कारण मी पंचबाईंच्या घरात वाढले होते. डॉक्टरांनी पेन केव्हाच खाली ठेवलं होतं.

चाळिसावी चाल केली, लिहिली, खाली रेघ मारली, बटण दाबलं. सव्वा मिनिट शिल्लक होतं. डॉक्टरांनी झटकन उत्तर दिलं. मी पाण्याची बाटली उघडली. आता मला तास मिळणार होता. माझं एक प्यादं वजीर होण्यापासून दोन घरांवर होतं. मी जिंकत होते. निदान मला तसं वाटत होतं, त्यावर मी येते. मी पाणी प्यायले, टोपण लावलं, आणि झेंडा पडला. पडला तर पडला, मला काय त्याचं? तेवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला. ते तोवर झपाझप आपला कागद भरत होते. म्हणाले, "वेळ संपली. अडतीसच झाल्यात."

मला वाटलं चेष्टा करताहेत.

आई आली. घड्याळ थांबवलं. दोघांचे कागद घेतले आणि शेजारच्या टेबलावर दुसरा पट मांडून दोन्ही कागदांप्रमाणे डाव खेळून पाहिला, एकदा माझा, एकदा त्यांचा. दोन्हीकडून शेवटी तोच पट येत होता. कसा नाही येणार? हत्ती गेला आणि आला, राजा गेला आणि आला. पटाला काय कळतंय त्याचं? भोवती चाळीस माणसं जमली होती. ती म्हणाली, "पांढरा, या दोन चाली झाल्या?" मी म्हटलं, "झाल्या." "काळा?" डॉक्टर म्हणाले, "मला आठवत नाही. माझ्या कागदावर नाहीत." आणि ते खरं बोलत होते. घाईघाईत मागाहून आठवून भरताना ज्या चालींनी काही बदललंच नाही, त्याच नेमक्या सुटतात. डॉक्टर, तुमच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही किंतु नव्हता.

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, "तुम्ही इथेच उभ्या होतात. माझ्या मागे."

ती म्हणाली, "मी सात पट पाहत होते."

मग तिने निकाल दिला. दोन चालींचा पटावर पुरावा नाही, पांढऱ्याची वेळ संपली, काळा विजयी. सही केली. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. म्हणजे तुमच्यापैकी जे तेव्हा होते त्यांनी. बुद्धिबळाच्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. सगळे म्हणत होते, आई असावी तर अशी, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही.

आणि मी नळ सोडून उभी होते तेव्हा दाराबाहेरून दोघी जात होत्या. एक म्हणाली, "पोरगी चलाख आहे, बरोब्बर हव्या तेवढ्या दोनच चाली घुसवल्या."

हा भाग कोणी सांगत नाही. गोष्टीत आई न्यायी ठरली की मुलगी आपोआप काय ठरते, याचा विचार कधी कोणी केला का? सभ्य माणसं आहात सगळे, माझ्या तोंडावर कोणी कधी काही बोललं नाही. पण मी कुठेही खेळायला बसले की समोरचा हळूच माझ्या कागदाकडे बघायचा. घरी बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लिहिताना घोटाळा होतो कधीकधी. मनावर घेऊ नकोस." म्हणजे बाबांनाही तेच वाटलं. आई म्हणाली, "जेवून घे." त्यावर पुढे कधीही, कधीच काही बोलली नाही. एरवी प्रत्येक डावानंतर दोन्ही खेळाडू बसून डाव उलगडतात, कुठे चुकलं ते शोधतात. आमच्या खेळात हरलेलासुद्धा त्याला बसतो. मी बसले नाही. तो डाव मी पुन्हा मांडला नाही. चार महिन्यांनी कानाला खडा लावला आणि पट माळ्यावर टाकला.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. हळूहळू मलाच वाटायला लागलं की मी त्या चाली घुसवल्या असतील. सतरा वर्षांचं वय, जिंकायची हाव, डोकं गरगरत होतं. लिहिल्या असतील मी, आणि मग झाल्या असं वाटलं असेल. एवढी माणसं चुकतात का? आई चुकते का? हत्ती माझ्या बोटांना आठवत होता, पण मी बोटांवर विश्वास ठेवणं सोडलं. आज मी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करते. एक चिठ्ठी तीनदा वाचते, गोळ्या तीनदा मोजते, मग शेजारच्या सहकाऱ्याला म्हणते, "तू एकदा बघ." सगळे म्हणतात, किती काळजीपूर्वक काम करते! बक्षीस मिळालंय मला त्याचं. ती काळजी नाही हो. मला माझ्या हातांची खात्री वाटत नाही.

असो. तर महिन्यापूर्वी चिटणीसकाकांचा फोन आला. आईचा निरोप समारंभ, तू बोल. मी हो म्हटलं. मग वाटलं, तो डाव निदान एकदा तरी बघायला हवा, त्याशिवाय काय बोलणार? काकांनी मंडळाच्या कपाटाची किल्ली दिली. त्या वर्षीचा गठ्ठा निघाला. माझा कागद, डॉक्टरांचा कागद. माझं सतरा वर्षांचं अक्षर बघून मला कसंसंच झालं.

पट माळ्यावरून काढला. जेवणाच्या टेबलावर मांडला आणि शेजारी संगणक ठेवला. आता संगणक पंतोजी आहे, त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. एकेक चाल टाकत गेले. एकोणीस वर्षं मी मनात म्हणत होते, काही का होईना, मी जिंकत होते. दोघांचीही चाळिसावी चाल टाकली. संगणकाने सांगितलं, काळा जिंकतोय. मी म्हटलं काहीतरी चुकीचं टाकलं. परत टाकलं. परत तेच. त्याने दाखवलं की मी काहीही खेळले तरी काळ्याने आपला उंट माझ्या राजापुढच्या प्याद्यावर फेकून शह दिला, की पुढच्या तीन चालींत मला मात आहे. सरळसोट मात! माझं ते लाडकं प्यादं दोन घरांवरच उभं राहणार होतं. मी आ वासून बसले. डॉक्टर, तुम्हालाही तो उंट दिसला नव्हता, नाहीतर हात वर न करता माझ्या चालीची वाट पाहिली असतीत आणि डावच संपवला असतात की! झेंड्याने तुम्हाला जिंकवलं नसतं तरी उंटाने जिंकवलं असतं. तेव्हा करंडक परत मागायला मी आलेली नाही. तो तुमच्या दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात शोभतो, तिथेच राहू दे.

हा पहिला धक्का. तो मी पचवला. हसूसुद्धा आलं. म्हटलं, ज्या डावापायी एवढं आयुष्य कडू केलं तो डाव हरलेलाच होता, छान! हाच विनोद इथे सांगायचा आणि आईला फुलं द्यायची, असं ठरवून मी चार पानं लिहिली.

परवा दुपारी गठ्ठा परत बांधताना खाली एक वही सापडली. तपकिरी पुठ्ठ्याची. पंच स्पर्धेच्या वेळी टिपणवही ठेवतात, ती आईची. तिचं ते बारीक, उभं अक्षर. मी सहज चाळली. "पट ३, दिवा लुकलुकतो." "पट ५, काळा, पेन बदलले." शेवटच्या फेरीचं पान आलं. मी ते आता वाचून दाखवते, वही माझ्या हातात आहे, अध्यक्षांनी हवी तर पाहावी.

"४.४०. पट १. पां. हत्ती पुढे, का. राजा बाजूला. पां. हत्ती परत, का. राजा परत. ३१, ३२. दोघांनाही घाई."

आकडेसुद्धा आहेत. एकतीस, बत्तीस.

डॉक्टर, जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगितलंत, आता तुमचं मिटा. मीही अशीच बसले होते, कपाटाशेजारी जमिनीवर, वही मांडीवर घेऊन. चिटणीसकाका विचारत होते, "बरं नाही का वाटत?" काका, तेव्हा मी तुम्हाला चक्कर आल्याचं सांगितलं, ते खोटं होतं, माफ करा.

तिने पाहिलं होतं. ती माझ्या मागे उभी होती, तिने हत्ती जाताना पाहिला, येताना पाहिला, लिहून ठेवलं, आणि तासाभराच्या आत माझ्या तोंडावर म्हणाली, मी सात पट पाहत होते. ते खोटं नव्हतं बघा. सात पट पाहतच होती ती. खोटं न बोलता मला खोटं पाडलं.

मी तडक तिच्याकडे गेले. ती मटार सोलत बसली होती. मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "हे काय आहे?"

तिने चष्मा लावला. वाचलं. म्हणाली, "माझं अक्षर आहे."

"म्हणजे तू पाहिलं होतंस."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुझ्या बाजूने साक्षीदार मी एकटी होते. आणि निकाल देणारीही मीच. मी पाहिलं म्हटलं असतं तर कोणी ऐकलं असतं? म्हणाले असते, आई आहे, म्हणणारच."

"वहीत लिहिलेलं दाखवायचं होतंस."

"वही कोणाची? माझीच. म्हणाले असते, आत्ता लिहिलं."

"आणि दुसरं कोणी पोर असतं माझ्या जागी?"

तिने एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "तर चाळीस धरल्या असत्या."

ऐकलंत? दुसऱ्याच्या पोरीला न्याय मिळाला असता. मला मिळाला नाही, कारण मी तिची होते. आणि यालाच आपण एकोणीस वर्षं निःपक्षपातीपणा म्हणत आलो, शिबिरांत शिकवत आलो! आपलं माणूस म्हणून झुकतं माप देणं हा पक्षपात, हे आपल्याला कळतं. आपलं माणूस म्हणून कमी मोजणं हा पक्षपात नाही का? तो सज्जन का वाटतो आपल्याला?

मला राग आला हे सांगायला नकोच. तर तिने काय म्हणावं? मटाराची शेंग सोलता सोलता म्हणाली, "तसंही तू हरतच होतीस. उंट पाहिलास ना?"

अध्यक्ष महोदय, मला संगणकाला विचारावं लागलं. डॉक्टरांना समोर बसून दिसला नाही. ती मागे उभी राहून, सात पट बघता बघता, तो उंट पाहून बसली होती. तीस वर्षं आपण हिला घड्याळ सांभाळायला लावलं. आपल्यात सगळ्यात चांगला डाव कोणाला कळत होता, हे आपण कधी विचारलं तरी का?

मी म्हटलं, "आई, हरायचंच होतं तर मी माझ्या चालीने हरले असते. डॉक्टरांनी उंट फेकला असता, मी हात मिळवला असता, बसून डाव उलगडला असता, आणि पुढच्या वर्षी परत आले असते. मला खोटी ठरवून का हरवलंस?"

तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, "वाटलं होतं, आठवडाभराने तुला एकटीला सांगेन. मग तू खेळणं सोडलंस. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

मी म्हटलं, "रविवारी मला तुझ्यावर भाषण करायचं आहे."

ती म्हणाली, "जे बोलायचं ते बोल. मी अडवणार नाही."

आणि बघा, अडवलं नाही तिने. पंधरा मिनिटं झाली, ती ताठ बसून ऐकते आहे. चिटणीसकाका तीनदा घड्याळ दाखवून झाले, त्यांनाही माझी क्षमा.

आता मी सत्कारमूर्तीला सगळ्यांसमोर एक विनंती करते. आई, मला निकाल बदलून नको. मला करंडक नको, संघ नको, ते वय तर आता मिळणारच नाही. तू मंडळाची पंच म्हणून या हॉलमध्ये आज शेवटची बसली आहेस. त्या दिवशी तू निकाल दिलास. साक्ष द्यायची राहिली. ती दे. नाही द्यायची असेल तर तसं सांग, मी खाली उतरते.

उठते आहे ती. थांबा, कोणी हात धरू नका तिचा, तिला आवडत नाही. माईक? काका, तो माईक जरा खाली करा. नको म्हणतेय. बरं, तशीच बोल.

मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल, तिचा आवाज कधीच चढत नाही. मी सांगते. ती म्हणाली, "चाली झाल्या होत्या. मी दोन्ही पाहिल्या होत्या. मुलगी खरं बोलत होती. मी घाबरले."

एवढंच म्हणाली.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी काहीतरी छान बोलेन. पण आत्ता फक्त असं वाटतंय की मी सतरा वर्षांच्या त्या मुलीला हाताला धरून नळापाशी जावं आणि सांगावं, बंद कर गं तो नळ, हत्ती गेला होता, आणि आला होता, तुझी बोटं बरोबर होती.

बस ना आई, बस तू.

आता समारोप. मला इथे बोलावल्याबद्दल मंडळाची, किल्ली दिल्याबद्दल चिटणीसकाकांची, आणि एवढं सगळं निमूट ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांची मी ऋणी आहे. डॉक्टर, तुमची हरकत नसेल तर कार्यक्रमानंतर त्या खांबाजवळ बसू. डाव उलगडायचा राहिलाय, आणि तो उंट मला तुम्हाला दाखवायचाच आहे. निरोपाच्या दिवशी कोणी असं बोलत नाही, हे मला कळतं. आनंदाच्या प्रसंगाला गालबोट लागलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर माझ्या पोरबुद्धीला हसा आणि मला माफ करा.

तुमच्याकडे मी माफी अशी सहज मागितली, आणि तुम्ही ती द्यालही, चांगली माणसं आहात. आईने माझ्याकडे अजून मागितलेली नाही. तिने मागितली तर मी काय म्हणेन, हे मला या क्षणी खरंच माहीत नाही. पण ती मागेल त्या वेळी मी घरात असेन, तिच्या समोर, आणि कितीही वेळ लागला तरी उठून जाणार नाही.

नमस्कार.